‘ग्राहकाच्या जोखमीवर’ छापलंय म्हणून गप्प बसायचं नसतं: जबाबदारी झटकणाऱ्या अटींना उत्तर द्यायचा क्रम

शनिवारी संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जिन्याखालच्या खोलीत मी ओळखीतल्या लोकांना ग्राहक-तक्रारी लिहायला मदत करतो. फी नाही, चहा चालतो. येणाऱ्याच्या हातात बहुधा एक चुरगळलेली पावती असते आणि पावतीवर एक ओळ: ‘माल ग्राहकना जोखमे’, ‘वेचेलो माल पाछो लेवामां आवशे नहीं’ (विकलेला माल परत घेतला जाणार नाही), ‘हरवल्यास धुलाईच्या दहापट भरपाई’, ‘गाडीची जबाबदारी व्यवस्थापनाची नाही’. आणि तोंडात एकच वाक्य: ‘बघा ना, किती अन्यायकारक अट आहे!’

असेल. पण हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. त्याआधी दोन प्रश्न आहेत. ती अट तुमच्या करारात शिरली तरी होती का? आणि शिरली असेल, तर तिचे शब्द घडलेल्या गोष्टीला लागतात का? ही दोन्ही उत्तरं तुमच्या विरुद्ध गेली, तरच ‘कायदा अशी अट चालू देतो का’ यावर भांडायचं. लोक थेट तिसऱ्यापासून सुरुवात करतात, समोरचा ‘सही तुमचीच ना?’ एवढंच विचारतो आणि सगळं अवसान गळून पडतं.

खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. उदाहरणं बडोद्याची आहेत, कायदा मात्र देशभर तोच.

## टप्पा 1: कागद हातातून सोडू नका

आधी माझीच फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लाँड्रीने माझा कोट हरवला. काउंटरवरचा माणूस गोड बोलून म्हणाला, ‘पावती द्या, रजिस्टरात नोंद करून घेतो.’ मी दिली. चार दिवसांनी गेलो तर ‘पावती दाखवा, मग बोलू.’ तिथेच प्रकरण संपलं. तेव्हापासून माझा नियम असा की मूळ पावती फक्त वस्तू हातात आल्यावर द्यायची. तोवर झेरॉक्स.

नुकसान लक्षात आलं त्याच दिवशी एवढं करा:

1. पावतीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. लोक पुढची बाजू काढतात. भांडण असतं मागच्या बाजूवर. शेजारी पट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे अक्षर किती बारीक आहे ते फोटोत दिसेल.
2. दुकानात किंवा पार्किंगमध्ये पाटी असेल तर तिचाही फोटो घ्या. ती कुठे लावली आहे ते कळायला हवं, म्हणून एक फोटो दारातून.
3. पैसे दिल्याचा पुरावा: यूपीआयचा स्क्रीनशॉट, बँकेची नोंद.
4. व्हॉट्सॅपचं संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा. समोरच्याने डिलीट करायच्या आत.
5. एका कागदावर तारीखवार घटनाक्रम: केव्हा दिलं, कोण होतं, काय बोलणं झालं. पंधरा दिवसांनी आठवणीवर भिस्त ठेवू नका.

> सावधान: ‘पूर्ण व अंतिम समझोता’ असं लिहिलेल्या कागदावर सही करून थोडे पैसे घेऊ नका. घ्यायचेच असतील तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘माझे उर्वरित हक्क राखून ही रक्कम स्वीकारत आहे.’ नंतर ‘दबावाखाली सही केली’ म्हणता येतं, पण तो दबाव सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते.

## टप्पा 2: अट करारात शिरली होती का?

सगळ्यात दुर्लक्षित टप्पा हाच, म्हणून इथे जरा बसू.

अट कागदावर छापलेली असणं आणि अट करारात असणं या दोन वेगळ्या गोष्टी. करार होतो त्या क्षणापर्यंत ती अट तुम्हाला कळेल अशा रीतीने समोर आली असली पाहिजे. हे तपासायला तीन प्रश्न पुरतात.

सही केलीत का? केली असेल तर अट वाचली नव्हती हे सांगून फारसा उपयोग होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या खटल्यात हेच धरलं. कुरियरच्या सही केलेल्या कागदावर भरपाईची मर्यादा 100 डॉलर होती. नुकसान त्याहून कितीतरी मोठं सांगितलं गेलं, तरी मर्यादा टिकली. हा निकाल तुमच्या विरुद्ध वापरला जाणार हे गृहीत धरूनच पुढे जा. ऑनलाइन ‘मी मान्य करतो’ वर टिक केलीत, तर तीही सहीसारखीच पुढे केली जाते. तेव्हा त्या दिवशीच्या अटींचा स्क्रीनशॉट हवा. वेबसाइटवरच्या अटी सहा महिन्यांत बदललेल्या असतात.

सही नसेल, तर सूचना पुरेशी होती का? पावतीच्या पुढच्या बाजूवर ‘अटी मागे पाहा’ असं आहे का? अक्षर वाचता येण्याजोगं आहे का? मागे रबरी शिक्का मारून अर्धी ओळ पुसली गेली आहे का? काउंटरवर कोणी तोंडी सांगितलं का? अट जितकी जाचक, तितकी ती ठळकपणे दाखवायची जबाबदारी जास्त. ‘भूलचूक लेवी देवी’ (हिशेबातली चूक नंतर दुरुस्त करू) कोपऱ्यात बारीक असलं तर बिघडत नाही. ‘पन्नास हजारांची वस्तू हरवली तरी आम्ही पाचशेच देऊ’ असं म्हणायचं असेल, तर ते कोपऱ्यात चालत नाही.

सूचना केव्हा मिळाली? करार झाल्यावर दाखवलेली अट उशिरा आलेली असते. याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण इंग्लंडमधल्या 1949 च्या ऑली खटल्याचं. हॉटेलच्या खोलीत ‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही’ अशी पाटी होती, पण करार तर आधीच खाली काउंटरवर झाला होता. आपल्याकडे हेच रोज घडतं. लग्नाच्या हॉलचं बुकिंग जानेवारीत, पैसे जानेवारीत, आणि ‘नियमावली’ हातात पडते मे महिन्यात, हॉलच्या किल्ल्यांबरोबर.

विम्याचंही तसंच. पॉलिसीचं एक पानी सर्टिफिकेट दिलं, अपवादांची पुस्तिका दिलीच नाही, तर न कळवलेल्या अपवादावर कंपनीला विसंबता येत नाही. 2000 मधला मॉडर्न इन्शुलेटर्सचा निकाल यासाठी सांगतात. म्हणून पॉलिसीचं पाकीट किंवा ई-मेल नीट जपा. त्यात काय नव्हतं हाही पुरावाच असतो.

> तपासा: या टप्प्याचं उत्तर एका वाक्यात लिहून काढा. उदाहरणार्थ: ‘सही नाही, अट मागच्या बाजूला, पुढे निर्देश नाही, तोंडी सांगितलं नाही.’ एवढं जमलं तर तुमच्या तक्रारीचा पहिला मुद्दा तयार झाला.

## टप्पा 3: अटीचे शब्द घडलेल्या गोष्टीला लागतात का?

अट शिरली असं धरू. आता ती वाचा. म्हणजे खरंच वाचा, बोट ठेवून, शब्दाशब्दाने.

आमच्या वाड्यातल्या एका काकूंनी भाच्याच्या लग्नाआधी आईचा शालू ड्रायक्लीनिंगला टाकला. आणायला गेल्या तर पिशवीतून निघाली दुसऱ्याच कुणाची प्रिंटेड सिल्क. पावतीच्या मागे गुजरातीत फिकट शाईत होतं: कपडा हरवल्यास किंवा रंग गेल्यास धुलाईच्या दहापटीपेक्षा जास्त रक्कम मिळणार नाही. धुलाई 250 रुपये, म्हणजे 2,500. काकूंचं म्हणणं ‘हा अन्याय आहे’. मी म्हटलं, थांबा, आधी फोन दाखवा. व्हॉट्सॅपवर दुकानातल्या मुलाचा मेसेज होता: ‘साडी भूलथी बीजा ग्राहकने अपाई गई छे, बेन.’

म्हणजे शालू हरवला नव्हता. दुकानाने तो स्वतःच्या हाताने भलत्या माणसाला दिला होता. अटीत ‘हरवल्यास’ आहे, ‘रंग गेल्यास’ आहे. ‘दुसऱ्याला दिल्यास’ कुठे आहे? जबाबदारी टाळणारी अट काटेकोरपणे वाचली जाते आणि शब्दांत संदिग्धता असेल तर अर्थ अट लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावला जातो. लिहायचं त्याच्या हातात होतं, त्याने स्पष्ट लिहायला हवं होतं.

याच चाळणीतून आणखी दोन गोष्टी पाहा.

अटीत निष्काळजीपणाचा उल्लेख आहे का? ‘चोरी, आग, नैसर्गिक आपत्ती’ एवढंच म्हटलं असेल तर त्यात दुकानाच्या माणसांची हलगर्जी आपोआप येत नाही.

अट खुद्द कराराचा हेतूच मारते का? टेक्सको मार्केटिंगच्या खटल्यात दुकान तळघरात होतं, विमा कंपनीला ते ठाऊक होतं, हप्ता घेतला. आणि आग लागल्यावर ‘तळघर पॉलिसीत येत नाही’ हा अपवाद दाखवला. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तो अपवाद मान्य केला नाही. ज्या गोष्टीसाठी विमा उतरवला तीच वगळली, तर हप्ता कशाचा घेतला?

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा गाड्यांच्या क्लेममध्ये ही चाळणी अनेकांना लागली असती. मोटार पॉलिसीत ‘पूर’ हा धोका समाविष्ट असतो आणि त्याच पॉलिसीत ‘परिणामस्वरूप नुकसान’ आणि ‘यांत्रिक बिघाड’ वगळलेले असतात. पाण्यात उभी गाडी सुरू करून पाहिली आणि इंजिनात पाणी खेचलं गेलं, की कंपनी म्हणते: हे पुरामुळे झालं नाही, तुम्ही चावी फिरवल्यामुळे झालं. दोन्ही कलमं शेजारी ठेवून वाचल्याशिवाय उत्तर सुचत नाही. आणि एक कायमची सूचना: पाण्यात बसलेल्या गाडीची चावी फिरवू नका, फोटो काढा आणि टो करून न्या.

## टप्पा 4: लागते, पण कायदा ती चालू देतो का?

इथे आलात म्हणजे सही आहे आणि शब्दही लागतात. आता ‘अन्यायकारक’ हा शब्द बाहेर काढा. पण नुसता शब्द नको, तुमचा प्रकार कोणता ते आधी ठरवा. प्रत्येकाचं हत्यार वेगळं.

वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात दिली होती. लाँड्री, गॅरेज, दुरुस्तीला दिलेला मोबाइल, व्हॅलेला (हॉटेलच्या दारात किल्ली घेऊन गाडी लावणाऱ्या माणसाला) दिलेली गाडी. भारतीय करार कायदा, 1872, कलम 151 प्रमाणे ताबा घेणाऱ्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःची तशीच वस्तू जितकी सांभाळेल तितकी ती सांभाळली पाहिजे. कलम 152 म्हणतं की तेवढी काळजी घेतली असेल तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही; पण त्यात ‘विशेष करार नसेल तर’ असेही शब्द आहेत, आणि समोरचा वकील त्यांच्यावरच उभा राहतो: ही छापील अट म्हणजेच आमचा विशेष करार. त्याचं उत्तर ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स, 2019 या निकालात आहे. 1998 मध्ये दिल्लीत व्हॅलेने लावलेली मारुती झेन चोरीला गेली होती आणि टोकनवर ‘पाहुण्याच्या जोखमीवर’ असं छापलेलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा अटीने झटकता येत नाही. आणि गाडी ताब्यात दिल्याचं दिसलं की काळजी घेतली होती हे हॉटेलने दाखवायचं.

> तपासा: किल्ली दिली होती का? व्हॅलेला किल्ली दिली तर ताबा गेला, मुद्दा भक्कम. स्वतः गाडी लावून किल्ली खिशात घातली असेल तर हा निकाल जसाच्या तसा लागत नाही. मग गेटवर कोण होतं, टोकनशिवाय गाडी बाहेर कशी पडली, हे मांडावं लागतं.

कपड्यांसाठी मद्रास उच्च न्यायालयाचा 1965 चा लिली व्हाइट निकाल अजून कामाला येतो. नवी साडी हरवली, पावतीवर बाजारभावाच्या 15 टक्केच भरपाई. न्यायालयाने अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवली. कारण फार सरळ होतं: ही अट मान्य केली तर धुणाऱ्याला कुणाचीही नवी साडी 15 टक्क्यांत विकत मिळेल! काकूंच्या नोटिशीत आम्ही हे वाक्य घातलं होतं.

बँकेचं लॉकर. ‘लॉकरमध्ये काय आहे आम्हाला माहीत नाही, म्हणून जबाबदारी नाही’ हे आता चालत नाही. अमिताभ दासगुप्ता खटल्यात फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांना असं हात झटकू दिलं नाही. त्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने नियम काढले, ते 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. भाडं 3,000 असेल तर 3 लाख. नैसर्गिक आपत्तीत मात्र बँक सुटू शकते, म्हणून तळमजल्यावरच्या लॉकरमध्ये कागदपत्रं ठेवणाऱ्या बडोदेकरांनी ती निदान प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावीत. नव्या लॉकर-कराराची प्रत तुम्हाला मिळायला हवी. नसेल तर आजच मागा, चोरी झाल्यावर नको.

घरसामान, ट्रान्सपोर्ट. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याने दिलेल्या मालाच्या पावतीवर, ‘मालकाच्या जोखमीवर’ असलं तरी वाहतूकदार निष्काळजीपणातून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये नाथ ब्रदर्सच्या खटल्यात सांगितलं आहे. पण रस्ते वाहतुकीच्या 2007 च्या कायद्यात दोन खड्डे आहेत. एक: बिल्टीवर मालाची किंमत जाहीर केली नसेल तर भरपाई साधारण भाड्याच्या दहापटीपर्यंत अडते. दोन: नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत गेली पाहिजे. माल पोचल्यापासून मोजू नका.

विकलेला माल परत नाही. माल सदोष असेल तर या ओळीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे; बिलावर मुदत नसेल तर 30 दिवस धरतात. रंग आवडला नाही, घरी गेल्यावर लहान झाला, यासाठी मात्र हे कलम नाही. त्यावर भांडून खऱ्या तक्रारदारांची पत घालवू नका.

फ्लॅट. पायोनियर अर्बनच्या 2019 च्या निकालातला करार पाहा: ग्राहकाचा हप्ता चुकला तर 18 टक्के व्याज, बिल्डरचा परतावा रखडला तर 9 टक्के. न्यायालयाने असा एकतर्फी करार ग्राहकावर बंधनकारक मानला नाही. ग्राहकापुढे बिल्डरच्या छापील करारावर आहे तशी सही करण्यावाचून पर्याय नव्हता, हे तिथे महत्त्वाचं ठरलं. रेरा कायद्यात (बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या) तर दोन्ही बाजूंचा व्याजदर सारखाच हवा असं लिहिलेलं आहे.

याशिवाय दोन अटी जवळपास सगळ्या पावत्यांवर असतात. ‘अमुक दिवसांत दावा केला नाही तर हक्क संपला’: करार कायद्याच्या कलम 28 मध्ये 1997 साली झालेल्या बदलानंतर हक्कच संपवणारी अशी अट रद्दबातल असते. तरीही ‘सात दिवसांत कळवा’ असं असेल तर कळवून टाका, फुकटचा वाद कशाला. आणि ‘फक्त मुंबई न्यायालयाच्या अधीन’: ग्राहक म्हणून तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या ग्राहक आयोगात जाऊ शकता. लवादाची (वाद न्यायालयाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याची) अटही ग्राहक तक्रारीच्या आड येत नाही.

धंद्यासाठी घेतलेली सेवा असेल तर थांबा. व्यापारी कारणासाठी घेणारा ग्राहक संरक्षण कायद्याने ‘ग्राहक’ नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवलेला व्यवसाय एवढाच अपवाद. बाकीच्यांनी दिवाणी न्यायालय गाठायचं. तिथे दुबळ्या बाजूवर लादलेली जाचक अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवणारा 1986 चा ब्रोजोनाथ गांगुली निकाल आणि करार कायद्याचं कलम 23 आहे, पण दोन तुल्यबळ व्यापाऱ्यांना ते सहसा उपयोगी पडत नाही.

## टप्पा 5: नुकसानीचा आकडा

अट उडवली म्हणजे मागाल ते मिळतं असं नाही. किंमत तुम्हीच सिद्ध करायची. काकूंच्या शालूचं बिल कुठून असणार, आईच्या लग्नातला तो. आम्ही लग्नसमारंभातले दोन फोटो काढले, जरीचा पदर स्पष्ट दिसेल असे, आणि एका साडी-व्यापाऱ्याकडून तशा जुन्या शालूच्या आजच्या किमतीचं लेटरहेडवर पत्र घेतलं. काकूंनी आधी ‘दीड लाख लिहा’ म्हटलं होतं. मी लिहिलं नाही. फुगवलेला आकडा एकदा उघडा पडला की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

वस्तूची किंमत, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च हे तीन आकडे वेगवेगळे लिहा. एकत्र गोळा करू नका.

## टप्पा 6: नोटीस

ग्राहक तक्रारीआधी नोटीस सक्तीची नाही (ट्रान्सपोर्टचा अपवाद वर आलाच), पण पाठवाच. निम्मी कामं इथे मिटतात असं मी माझ्या जिन्याखालच्या अनुभवावरून म्हणतो. नोटीस एक पानी असावी, स्पीड पोस्टने आणि ई-मेलने, 15 दिवसांची मुदत देऊन. बडोद्यात गुजरातीत किंवा इंग्रजीत लिहा. मजकूर साधारण असा:

‘दिनांक ___ रोजी पावती क्र. ___ अन्वये मी ___ ही वस्तू आपल्या ताब्यात दिली. दिनांक ___ रोजी ती परत न देता आपण ती दुसऱ्या ग्राहकास दिल्याचे आपल्या कर्मचाऱ्याने लेखी कळवले. पावतीमागील अट मला करारापूर्वी दाखवण्यात आली नव्हती व तिच्यावर माझी सही नाही. तसे असते तरी त्या अटीत प्रस्तुत प्रकार येत नाही. तसा येत असला तरी आपल्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा अटीने टळत नाही. तरी 15 दिवसांत रुपये ___ द्यावेत.’

पाहा, तिन्ही प्रश्न त्याच क्रमाने आले. ‘तसे असते तरी’ आणि ‘तसा येत असला तरी’ हे शब्द गाळू नका. ते नसले तर तुम्ही अट मान्य करून फक्त दया मागताय असा अर्थ निघतो.

> सावधान: नोटिशीत पोलीस, पत्रकार, सोशल मीडियावर बदनामी यांच्या धमक्या नकोत. ती नोटीस उद्या आयोगापुढे वाचली जाणार आहे.

## टप्पा 7: कुठे जायचं आणि नेमकं काय मागायचं

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला हरकत नाही. मोठ्या कंपन्या तिथे बऱ्यापैकी प्रतिसाद देतात, गल्लीतला दुकानदार देईलच असं नाही. मात्र हेल्पलाइनवरची तक्रार म्हणजे आयोगातली तक्रार नव्हे, आणि तिच्यामुळे मुदत थांबत नाही. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून.

तुम्ही दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. मागितलेली भरपाई इथे मोजत नाहीत. या गोंधळात लोक भलत्या आयोगात जातात. 5 लाखांपर्यंत फी शून्य. तक्रार ऑनलाइन भरता येते, वकील लागतोच असं नाही.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. 2019 च्या कायद्यात ‘अनुचित करार’ ही वेगळी व्याख्या आली: अवाजवी डिपॉझिट, नुकसानीच्या मानाने अवास्तव दंड, कारण न देता एकतर्फी करार मोडायची मुभा, ग्राहकाला तोट्यात टाकणारी अवाजवी अट वगैरे. पण एखादी अट या व्याख्येखाली रद्दबातल जाहीर करण्याचा अधिकार कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे. गुजरातचा राज्य आयोग अहमदाबादला. जिल्हा आयोगात ‘ही अट अनुचित करार म्हणून रद्द करा’ एवढीच मागणी केलीत, तर समोरचा अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेतो आणि तारखा वाढतात.

म्हणून जिल्हा आयोगात मागणी अशी लिहा: सेवेत त्रुटी झाली व अनुचित व्यापारी प्रथा वापरली गेली असं ठरवावं, सदर अट तक्रारदारावर बंधनकारक नाही असं धरून भरपाई द्यावी. फरक चार शब्दांचा आहे, पण त्या चार शब्दांनी तक्रार योग्य दारात राहते.

> तपासा: तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र, पावतीच्या दोन्ही बाजू, नोटीस व तिची पोच, व्हॉट्सॅपच्या छापील प्रती (इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रासह), किमतीचा पुरावा. मराठी पत्रव्यवहार असेल तर त्याचं गुजराती किंवा इंग्रजी भाषांतर जोडा.

## टप्पा 8: उत्तर, तडजोड, आदेश

समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस, फार तर आणखी 15. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ही 45 दिवसांची मर्यादा पक्की केली आहे. तो पंचेचाळिसाव्या दिवसानंतर उत्तर घेऊन आला तर तिथल्या तिथे आक्षेप नोंदवा. नोटीस कोणत्या तारखेला बजावली गेली याचा पोस्टाचा ट्रॅकिंग कागद जवळ ठेवा. सगळी मोजणी त्यावर.

मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर तोंडावर नाही म्हणू नका. काकूंचं प्रकरण आयोगापर्यंत गेलंच नाही. नोटिशीनंतर दुकानदार स्वतः वाड्यात आला, बिल नसल्याचं बोट दाखवून घासाघीस केली, आणि व्यापाऱ्याच्या पत्रातल्या रकमेच्या साधारण पाऊण हिश्श्यावर मिटलं. चेक वटल्यावरच मूळ पावती दिली.

आदेश तुमच्या बाजूने झाला तर प्रमाणित प्रत लगेच घ्या. अपिलाची मुदत 45 दिवस. समोरच्याला अपील करायचं तर आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे लहान रकमांत बरेच जण पैसे देऊन मोकळे होतात. 45 दिवस उलटून पैसेही नाहीत आणि अपीलही नाही, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा 25,000 ते 1 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्जात आदेशाची तारीख, प्रत मिळाल्याची तारीख आणि थकलेली रक्कम व्याजासह वेगवेगळ्या ओळींत लिहा.